फोटोशॉपमध्ये स्वतःचा शेप कसा बनवायचा: चार ठिपक्यांची कोयरी

लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात कोयरी टाकायची असते तेव्हा बहुतेक जण काय करतात, तर नेटवरून एखादी कोयरीची पीएनजी उतरवतात, बॅकग्राउंड उडवतात आणि चिकटवतात. पत्रिकेवर ती बरी दिसतेसुद्धा. मग तीच कोयरी हॉलच्या गेटवरच्या फ्लेक्सला वापरली की कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसायला लागतात आणि सगळे मिळून प्रिंटिंगवाल्याला बोल लावतात. त्याचा काही संबंध नसतो हो. ३०० बाय ३०० च्या चित्रात सगळे मिळून ९०,००० पिक्सेल असतात, ते ताणून ३००० बाय ३००० केलं की लागतात ९० लाख, म्हणजे शंभरातले नव्याण्णव पिक्सेल सॉफ्टवेअरला अंदाजाने भरावे लागतात. आजकालची एआयवाली टूल्स हा अंदाज जरा बरा मारतात, पण कोयरीच्या टोकाशी नेमका घोळ करून ठेवतात.

यावर उपाय म्हणजे कोयरीचा स्वतःचा शेप बनवून ठेवायचा. एकदा बनवला की पत्रिका, फ्लेक्स, व्हॉट्सॲपचा स्टिकर, कुठेही आणि कितीही मोठा. फोटोशॉपमध्ये याला कस्टम शेप म्हणतात आणि यूट्यूबवर याचे ढीगभर व्हिडिओ आहेत, पण त्यातले बरेचसे कुठलं बटण कुठे आहे एवढंच दाखवतात, बटणं काय दोन मिनिटांत सापडतात. खरी मेख आहे ती ठिपके कुठे टाकायचे यात, म्हणून मी तिथेच जास्त वेळ घालवणार आहे.

आधी शेप म्हणजे नक्की काय ते बघू. फोटोमध्ये प्रत्येक पिक्सेलचा रंग साठवलेला असतो. शेपमध्ये रंगीत पिक्सेल नसतातच, त्यात असतात काही ठिपक्यांच्या जागा आणि त्यांना जोडणारी रेषा कशी वळवायची याचे आकडे, बस. ठिपक्यांची रांगोळी कशी, ठिपके कुठे आणि कुठला कुठल्याला जोडायचा एवढं माहीत असलं की तीच रांगोळी उंबऱ्याशी हातभर काढा नाहीतर चौकात वीस फुटी काढा, तसंच हे. मोठं करताना सॉफ्टवेअर ठिपके लांब लांब मांडतं आणि रेषा नव्याने आखतं. त्यामुळे कडा फाटायचा प्रश्नच येत नाही.

आता त्या वळणाचं बघू. ठिपक्याला अँकर पॉइंट म्हणतात आणि त्यातून ज्या दांड्या निघतात त्यांना हँडल. दोन अँकर आणि प्रत्येकाचं एकेक हँडल, असे चार बिंदू मिळून एक वळण ठरतं. याला बेझिए कर्व्ह म्हणतात. पिएर बेझिए हे रेनो या फ्रेंच मोटार कंपनीत इंजिनीअर होते आणि गाडीच्या पत्र्याची वळणं कॉम्प्युटरला आकड्यांत कशी सांगायची या कामासाठी १९६० च्या दशकात त्यांनी ही पद्धत वापरली. गंमत म्हणजे सिट्रोएन या दुसऱ्या फ्रेंच कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्येच हेच काम करून ठेवलं होतं, पण कंपनीने ते गुपित ठेवलं आणि बेझिएंनी आपलं काम छापलं, त्यामुळे नाव बेझिएंचं पडलं. पुढे फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबीच्या पोस्टस्क्रिप्टमध्ये, म्हणजे पान कसं छापायचं ते प्रिंटरला सांगणाऱ्या भाषेत, हीच वळणं आली, १९८७ च्या इलस्ट्रेटर या त्यांच्याच चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ठिपके टाकून वळणं काढायचं पेन टूल आलं आणि तिथून ते फोटोशॉपमध्ये. तुम्ही आत्ता स्क्रीनवर जी अक्षरं वाचताय तीसुद्धा फाँटच्या फाईलमध्ये अशाच वळणांनी साठवलेली आहेत.

कास्तेल्जोंची रीत इतकी सोपी आहे की पट्टी-पेन्सिलने कागदावर करून बघता येते, आणि मी तर म्हणेन बघाच. कागदावर चार बिंदू काढा. पहिला आणि चौथा म्हणजे अँकर, दुसरा आणि तिसरा म्हणजे हँडलची टोकं. एक ते दोन, दोन ते तीन, तीन ते चार अशा तीन रेषा मारा. प्रत्येक रेषेचा मध्य काढा, म्हणजे तीन बिंदू मिळाले. ते जोडा, दोन रेषा झाल्या, त्यांचेही मध्य काढा आणि तेही जोडा, आता एकच रेषा उरली. तिचा जो मध्य तो तुमच्या वळणावरचा बिंदू. अर्ध्याऐवजी सगळीकडे पाव अंतर घेतलं की वळणावरचा दुसरा बिंदू मिळतो, पाऊण घेतलं की तिसरा, असं करत गेलं की अख्खं वळण कागदावर उमटतं.

हे एकदा हाताने केलं की तीन गोष्टी डोक्यात पक्क्या बसतात. वळण हँडलच्या टोकाला शिवत नाही, फक्त त्या दिशेने निघतं. हँडल लांब केलं की वळण त्या दिशेला जास्त वेळ जात राहतं, म्हणजे फुगतं. आणि वळण त्या चार बिंदूंना दोरा गुंडाळल्यावर जो घेर होतो त्याच्या बाहेर कधीच जात नाही. नवखा माणूस वळण नीट येईना की काय करतो, मध्ये अजून एक अँकर टाकतो, मग तेही जमत नाही म्हणून अजून एक, आणि असं करत करत कोयरीला पंचवीस अँकर होतात आणि कड सापासारखी वळवळायला लागते. बहुतेक वेळा अँकर वाढवायचा नसतो, आहे त्याचं हँडल लांब नाहीतर आखूड करायचं असतं.

पूर्ण वर्तुळाला किती अँकर लागतात? चार. फोटोशॉपमध्ये इलिप्स टूलने गोल काढून पांढऱ्या बाणाने, म्हणजे डायरेक्ट सिलेक्शन टूलने, क्लिक करून बघा, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे चारच दिसतील. हँडलची लांबी त्रिज्येच्या ०.५५२ पट ठेवली की जो गोल येतो तो खऱ्या वर्तुळाच्या इतका जवळ असतो की एक मीटर त्रिज्येच्या गोलात फरक जेमतेम पाव मिलिमीटरचा. म्हणजे गणिताच्या हिशेबाने तो वर्तुळ नाहीच, पण फ्लेक्सवर ते शोधून दाखवणारा माणूस मला तरी भेटायचाय.

यातूनच ठिपके कुठे टाकायचे ते कळतं. आकाराचं सगळ्यात वरचं, सगळ्यात खालचं, सगळ्यात डावीकडचं आणि सगळ्यात उजवीकडचं ठिकाण शोधायचं आणि तिथे अँकर टाकायचा, हँडल सरळ उभं किंवा सरळ आडवं ठेवायचं, आणि जिथे टोक किंवा कोपरा असेल तिथे एक वेगळा. फाँट बनवणारे लोकही हाच नियम पाळतात. हँडल साधारण दोन अँकरमधल्या अंतराच्या तिसऱ्या हिश्शाइतकं ठेवून सुरुवात करायची, मग नजरेने कमीजास्त करायचं.

चला, कोयरी काढू. टोक वर उजवीकडे झुकलेलं आणि पोट खाली, अशी साधी कोयरी धरू. समोर नमुना असेल तर, म्हणजे साडीच्या काठाचा वगैरे फोटो, तो खालच्या लेयरला ठेवून त्याची ओपॅसिटी निम्मी करा. कीबोर्डवर पी दाबून पेन टूल घ्या आणि वरच्या पट्टीत शेपऐवजी पाथ, म्हणजे नुसती बाह्यरेषा, निवडा, कारण शेप ठेवलं की काढता काढताच आत रंग भरत जातो आणि खालचा फोटो झाकला जातो.

पहिला क्लिक टोकावर, नुसता क्लिक, ड्रॅग नाही, म्हणजे तो धारदार कोपरा राहतो. दुसरा क्लिक डावीकडे पाठीचा फुगवटा जिथे सगळ्यात बाहेर आलाय तिथे, आणि माऊस न सोडता शिफ्ट दाबून खाली ओढायचं, शिफ्टमुळे हँडल सरळ उभं राहतं. तिसरा पोटाच्या तळाला, शिफ्ट दाबून उजवीकडे ओढायचं. चौथा उजव्या फुगवट्यावर, शिफ्ट दाबून वर ओढायचं. आणि मग परत पहिल्या टोकावर येऊन पाथ बंद करायचा, पण इथे ऑल्ट दाबून ओढायचं (मॅकवर ऑप्शन), म्हणजे फक्त आतल्या बाजूचं हँडल निघतं आणि पाठीची रेषा जागची हलत नाही. हे हँडल पांढऱ्या बाणाने डावीकडे खाली कोयरीच्या मानेच्या दिशेने ओढत गेलात की उजव्या पोटापासून टोकापर्यंतची रेषा आधी आत जाते आणि मग टोकाशी बाहेर वळते. कोयरीला कोयरीपण देते ती हीच रेषा, आणि ती एका तुकड्यात येते, मध्ये अँकर लागत नाही, कारण एकच बेझिए वळण इंग्रजी एस सारखं दोन्ही बाजूंना वळू शकतं. झाली चार अँकरची कोयरी. टोक जास्त मुरडलेलं हवं असेल तर वरच्या उंचवट्यावर पाचवा टाका, त्याच्या पुढे जायची गरज शक्यतो पडत नाही.

आता आतली पोकळी. काळ्या बाणाने, म्हणजे पाथ सिलेक्शन टूलने, पाथ निवडा, कॉपी करा, पेस्ट करा, कंट्रोल टी करून मूळच्या सत्तरेक टक्के होईल इतका लहान करा, आणि वरच्या पट्टीतल्या पाथ ऑपरेशन्समध्ये सबट्रॅक्ट फ्रंट शेप निवडा. आत भोक पडलं. पण नीट बघा, काठाची जाडी सगळीकडे सारखी आलेली नसते, पोटाशी जाड आणि मानेशी बारीक असं काहीतरी होतं. कारण लहान केलेली कोयरी वेगळी आणि सगळ्या बाजूंनी सारखी आत सरकवलेली कोयरी वेगळी. गोलाच्या बाबतीत दोन्ही एकच येतात म्हणून हे कधी लक्षात येत नाही. इलस्ट्रेटरमध्ये यासाठी ऑफसेट पाथ आहे, इंकस्केपमध्ये इन्सेट आहे, फोटोशॉपमध्ये मात्र पांढरा बाण घेऊन आतल्या कोयरीचे अँकर हाताने सरकवावे लागतात. चारच अँकर असले तर हे दोन मिनिटांचं काम, पंचवीस असले तर संध्याकाळ गेली.

आता त्या बटणाकडे येऊ. एडिट मेनूमध्ये डिफाईन कस्टम शेप, नाव द्यायचं, ओके. नाव जरा नीट द्या, शेप १ शेप २ करत बसलात तर सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही. हा मेनू कधीकधी पुसट दिसतो आणि क्लिकच होत नाही, तेव्हा सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं, पाथ निवडलेला नसतो. पाथ्स पॅनलमध्ये जाऊन पाथवर क्लिक करा, उजळतो. तयार शेप कस्टम शेप टूलच्या यादीत आणि विंडो मेनूतल्या शेप्स पॅनलमध्ये दिसतो. काढताना शिफ्ट दाबून ओढला की लांबीरुंदीचं प्रमाण सांभाळलं जातं. जुन्या व्हर्जनमधले बाण, हृदय, पानं वगैरे कुठे गेली असं खूप जण विचारतात, ती २०२० च्या व्हर्जनपासून शेप्स पॅनलच्या मेनूत लेगसी शेप्स अँड मोअर या नावाखाली हलवलीत, तिथून लोड करता येतात.

एक लक्षात ठेवा, अशा शेपमध्ये रंग साठत नाही, फक्त आकार साठतो. हिरव्या पंखांचा आणि निळ्या मानेचा मोर हवा असेल तर पंख, मान, तुरा असे वेगवेगळे शेप करायचे आणि वापरताना एकावर एक मांडून रंग भरायचे.

मग लोक विचारतात की एवढं हाताने कशाला, सिलेक्शन करून त्याचाच पाथ होतो की. होतो. क्विक सिलेक्शनने आकार निवडायचा, पाथ्स पॅनलमध्ये मेक वर्क पाथ म्हणायचं, तिथे टॉलरन्स नावाचा आकडा विचारतो, ०.५ ते १० पिक्सेल. कमी ठेवला की कडेचा प्रत्येक खाचखळगा पकडतो आणि शेकडो अँकर पडतात, जास्त ठेवला की टोकं बोथट होतात. स्वच्छ काळ्यापांढऱ्या चित्रासाठी, म्हणजे स्केचपेनने काढून मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन केलेल्या आकृतीसाठी, हा रस्ता चालतो. साडीच्या फोटोसाठी अजिबात नाही. पैठणीवरचा मोर किंवा कोयरी धाग्याधाग्याने विणलेली असते, जवळून बघितलं तर तिच्या कडा मुळातच पायऱ्यापायऱ्यांच्या असतात, सॉफ्टवेअर इमानेइतबारे त्या सगळ्या पायऱ्या टिपून घेतं. आणि हो, वर्क पाथ हा तात्पुरता असतो, त्यावर डबल क्लिक करून नाव देऊन सेव्ह केला नाही आणि दुसरा पाथ काढायला घेतला की पहिला गेलाच म्हणून समजा.

अक्षरांचा शेप करायचा असेल, म्हणजे 'श्री', 'शुभविवाह' किंवा मंडळाचं नाव, तर पेन घ्यायची गरज नाही. टेक्स्ट लेयरवर राईट क्लिक करून कन्व्हर्ट टू शेप. पण ते करायच्या आधी अक्षरं नीट जुळलीत का बघा. जुन्या फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी टाईप केलं की ऱ्हस्व वेलांटी भलत्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं फुटतात, तेव्हा प्रेफरन्सेसमधल्या टाईपमध्ये जाऊन साउथ एशियन भाषांचा पर्याय चालू करावा लागतो. बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे अजून पुण्याच्या मॉड्युलरच्या श्रीलिपीचे जुने फाँट चालतात, त्यात हा त्रास नाही, पण ती फाईल तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की मजकुराचा नुसता कचरा दिसतो. शेपमध्ये बदललं की ही कटकट संपते, आता ती अक्षरं राहिली नाहीत, नुसते आकार झाले, फाँट असो नसो. अर्थात मग शुद्धलेखनाची चूक सुधारता येत नाही, म्हणून मूळ टेक्स्ट लेयरची एक कॉपी तिच्यापुढचं डोळ्याचं चिन्ह बंद करून ठेवून द्या.

देवनागरीत यापुढे एक खास भानगड होते जी इंग्रजी अक्षरांना सहसा होत नाही. आपली अक्षरं शिरोरेषेने जोडलेली दिसतात खरी, पण फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपापल्या डोक्यावरचा रेषेचा तुकडा घेऊन येतं आणि शेजाऱ्याच्या तुकड्यावर थोडंसं चढून बसतं. काळ्या रंगात भरलेलं असताना ते कळत नाही. पण त्याला फक्त बाहेरची रेघ दिली, किंवा गाडीवर नाव लावायला रेडियम कटिंगच्या दुकानात दिलं, की प्रत्येक जोडाशी उभी चीर दिसते, कारण कटिंगचं मशीन पाथवरून चाकू फिरवतं, आणि तिथे पाथ खरंच आहे. मग शिरोरेषा तुकड्यातुकड्यांत कापली जाते आणि स्टिकर लावताना एकेक तुकडा निसटतो. उपाय सोपा आहे, काळ्या बाणाने सगळी अक्षरं निवडायची आणि पाथ ऑपरेशन्समधलं मर्ज शेप कंपोनंट्स दाबायचं, चढलेले तुकडे विरघळून एकसंध बाह्यरेषा उरते. कोरलड्रॉवाले यालाच वेल्ड म्हणतात. एक्स्क्लूड ओव्हरलॅपिंग शेप्स चुकून दाबलं तर जिथे तुकडे एकमेकांवर आहेत तिथे पांढरी भोकं पडतात, मराठी नावाच्या शिरोरेषेत बारीक पांढरे चौकोन दिसले की समजायचं कुणीतरी हे केलंय. आणि स्टेन्सिल कापायचं असेल तर अजून एक गोष्ट, 'व', 'ब', 'ष' यांच्या पोटातला बंद भाग कापल्यावर खाली गळून पडतो, म्हणून आधीच एक बारीक आयत त्यावरून आडवा टाकून वजा करून घ्या, म्हणजे आतला तुकडा बाहेरच्याला धरून राहतो.

कमळ, चक्र, रांगोळीचं फूल असलं गोलाकार काहीतरी करायचं असेल तर एकच पाकळी नीट काढा. काळ्या बाणाने निवडा, कंट्रोल ऑल्ट टी दाबा, फिरण्याचा मध्यबिंदू पाकळीच्या देठाशी आणा (नव्या व्हर्जनमध्ये तो लपलेला असतो, वरच्या पट्टीत रेफरन्स पॉइंटचा चौकोन टिक केला की दिसतो), कोन ४५ द्या, एंटर. मग कंट्रोल शिफ्ट ऑल्ट टी दाबत राहा, दर वेळी एक पाकळी पुढे सरकून उमटते, आठ पाकळ्यांत चक्कर पूर्ण. बारा हव्या असतील तर कोन ३०. पाकळ्या एकमेकींवर चढत असतील तर इथे मात्र एक्स्क्लूड मुद्दाम दाबून बघा, जाळीसारखी सुंदर नक्षी येते.

बनवलेले शेप जपून ठेवायचं काम मात्र कुणीच करत नाही. ते फोटोशॉपच्या आतच राहतात, तुमच्या पीएसडीबरोबर, म्हणजे फोटोशॉपच्या फाईलबरोबर, जात नाहीत, त्यामुळे विंडोज फॉरमॅट मारलं की सगळे उडाले. शेप्स पॅनलमध्ये निवडून एक्स्पोर्ट सिलेक्टेड शेप्स म्हटलं की सीएसएच नावाची छोटीशी फाईल होते, ती स्वतःलाच मेल करून ठेवा. दुसऱ्या मशीनवर इम्पोर्ट शेप्स केलं की सगळे परत हजर.

फोटोशॉपचे महिन्याचे पैसे भरायचे नसतील तर कोयरी काढायला त्याची गरजही नाही. इंकस्केप फुकट आहे, आणि खरं सांगायचं तर नुसते आकारच काढायचे असतील तर ते फोटोशॉपपेक्षा बरं, कारण ते बनवलंच वळणांसाठी आहे. तिथे जास्त अँकर पडले असतील तर कंट्रोल एल दाबून कमी होतात, फक्त एकदाच दाबा, पुन्हा पुन्हा दाबलं की आकारच वितळायला लागतो. गिम्प या फुकटच्या फोटो सॉफ्टवेअरमध्येही पाथ काढता येतात आणि पाथ्सच्या यादीत राईट क्लिक करून एसव्हीजी, म्हणजे पिक्सेलऐवजी ठिपके आणि वळणं साठवणारी फाईल, म्हणून बाहेर काढता येतात. फोटोपी तर ब्राउझरमध्येच चालतं, पीएसडी उघडतं, पेन टूलही तसंच आहे. कुठेही काढलं तरी शेवटी एसव्हीजीची एक कॉपी करून ठेवा, सीएसएच ठरावीक सॉफ्टवेअरनाच कळते, एसव्हीजी बहुतेक सगळ्या व्हेक्टर, म्हणजे वळणांवर चालणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये उघडते, आणि रेडियमवाल्याने व्हेक्टर फाईल मागितली तर हीच पाठवायची.